उपवास करावा, पण कोणता?

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग शिरवळजवळ नीरा नदी ओलांडतो आणि खंडाळा तालुक्यात प्रवेश करतो. लोणावळ्याशेजारच्या थंड हवेच्या खंडाळ्याशी या खंडाळ्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. हा सातारा जिल्ह्याचा उत्तरेकडील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, बेताच्या पावसाचा तालुका. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातील. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी वाल्हे गाव सोडून नीरेचे स्नान आटोपून जिल्ह्यात येते, तेव्हा तिचा पहिला मुक्काम ज्या लोणंदला पडतो, ते गावही याच तालुक्यातील. पलीकडे जेजुरीचा खंडोबा, अलीकडे डोंगरावर मांढरदेवीची काळूबाई, पूर्वेला शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. अशा या परिसरात उपवास ही नव्याने शिकावयाची गोष्ट नव्हे.

वर्षाच्या चोवीस एकादश्या, बारा संकष्टी चतुर्थ्या आणि कुलदैवताच्या वाराचे बावन्न दिवस एवढेच जरी मोजले, तरी बेरीज अठ्ठ्याऐंशीवर जाते. त्यांतील काही दिवस एकमेकांवर येतात हे खरे. परंतु श्रावण, हरतालिका, नवरात्र आणि महाशिवरात्र ही त्यावरची भर आहे. म्हणजे नेमाने उपवास करणाऱ्या घरातील गृहिणी वर्षाचा जवळजवळ चौथा हिस्सा उपवासात काढते. असे असूनही तिचे वजन कमी होत नाही; पुष्कळदा ते वाढतच असते. उपवासाने वजन उतरते असे वैद्यकशास्त्र म्हणते, आणि उपवास करणाऱ्या घरांतील काटा मात्र जागचा हलत नाही. या विसंगतीचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही, स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरते.

फराळाचे गणित

साबुदाण्याच्या खिचडीची एक मध्यम बशी घ्यावी. तीत कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट ३० ग्रॅम, तूप दोन लहान चमचे आणि अर्धा बटाटा असतो. साबुदाण्यातून सुमारे १७५ उष्मांक मिळतात, कुटातून जवळजवळ तेवढेच, तुपातून ९० आणि बटाट्यातून ३५ ते ४०. बेरीज होते पावणेपाचशेच्या आसपास. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे १७० उष्मांक देते. एक बशी खिचडी म्हणजे जवळजवळ पावणेतीन भाकऱ्या. भाकरी खाणारा दुसऱ्या भाकरीनंतर हात आखडतो. खिचडीची दुसरी बशी मात्र ‘आज उपवास आहे’ या सबबीवर सहज वाढली जाते. प्रथिनांचा हिशेब तर याहून उलटा आहे. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा पिष्टमय गाळ. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरातून तो महाराष्ट्रात येतो आणि त्यात प्रथिने नावापुरतीच असतात. खिचडीच्या बशीतील सात-आठ ग्रॅम प्रथिने ही केवळ शेंगदाण्याची देणगी होय. तेवढ्याच उष्मांकांच्या भाकरीतून जवळजवळ दुप्पट प्रथिने मिळतात.

बशीवर हिशेब संपत नाही. दुपारी बटाट्याचे वेफर्स किंवा चिवडा, चार वाजता केळे, मध्येच राजगिऱ्याचा लाडू, आणि दिवसभरात साखरेचा चहा चार वेळा. दोन चमचे साखरेच्या चार कपांतून केवळ साखरेचेच सुमारे दीडशे उष्मांक पोटात जातात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने उष्मांक मोजले नव्हते. पण त्याचा अंदाज चुकला नव्हता, असे म्हणावे लागेल.

यातील गंमत अशी की, ज्या पदार्थांना आज उपवासाचे पदार्थ म्हणून मान आहे, त्यांतील बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळे आणि साबुदाण्याचा कसावा हे सर्व मूळचे अमेरिका खंडातील. युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग ते भारतात आले. उपवासाला धान्य वर्ज्य. हे पदार्थ धान्य नव्हेत, म्हणून ते चालले. पूर्वीच्या व्रतांमध्ये ‘काय चालते’ यापेक्षा ‘केव्हा आणि किती’ याला अधिक महत्त्व होते. दिवसातून एकदाच, दुपारी जेवणे म्हणजे ‘एकभुक्त’. दिवसभर काही न घेता रात्री एकदा जेवणे म्हणजे ‘नक्त’. न मागता जे समोर येईल त्यावर भागविणे म्हणजे ‘अयाचित’. आज जगभर ज्याचा गाजावाजा चालला आहे, ते ठराविक तासांतच जेवण्याचे शास्त्र या शब्दांत आधीच बसलेले आहे. मराठी घरांतून हे शब्द मागे पडले आणि खिचडी पुढे आली, एवढेच.

खिचडीलाच सर्वस्वी दोषी धरणे मात्र न्यायाचे होणार नाही. आषाढीच्या वाटेवर रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणारा वारकरी, ढोबळमानाने, चालण्यातच आठशे ते हजार उष्मांक खर्च करतो. उन्हात दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईचा खर्चही असाच मोठा. त्यांच्या अंगी ती बशी लागत नाही. परंतु याच तालुक्यात आता शिरवळच्या औद्योगिक परिसरात यंत्रासमोर पाळी करणारे कामगार आहेत, दारात मोटारसायकल आहे, घरात पीठ दळण्यापासून पाणी ओढण्यापर्यंतची कामे विजेवर होतात. श्रम कमी झाले, फराळ तोच राहिला.

शरीरात काय घडते

अन्न घेतल्यानंतर रक्तातील साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि जादा साखर यकृतात व स्नायूंत ‘ग्लायकोजेन’च्या रूपाने साठविली जाते. यकृतातील हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. जेवण थांबल्यावर प्रथम तो खर्ची पडतो आणि जसजसे तास उलटतात तसतशी शरीरातील चरबी अधिक प्रमाणात जाळली जाऊ लागते. ग्लायकोजेनबरोबर त्याच्या कित्येक पट पाणी बांधलेले असते. म्हणूनच कडक उपवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा झरझर खाली येतो आणि जेवण सुरू होताच तितक्याच वेगाने वर चढतो. ही घट चरबीची नव्हे, बहुतांशी पाण्याची. तीवर विश्वास ठेवून कित्येक जण आठवडाभर उत्साहाने उपाशी राहतात आणि दुसऱ्या आठवड्यात निराश होऊन नेम सोडतात.

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. आठवड्यास अर्धा किलो वजन उतरावयाचे तर रोजच्या आहारात साडेपाचशे उष्मांकांची तूट पडावी लागते. आठवड्यातून एक दिवस प्रामाणिकपणे उपवास करून आठशे उष्मांक वाचविले, तर आठवड्यामागे शंभर ग्रॅमची आशा धरता येते. परंतु त्याच माणसाने उरलेल्या सहा दिवसांत, ‘परवा उपवास केला होता’ या समाधानात, रोज केवळ दीडशे उष्मांक जास्त खाल्ले, तर नऊशे उष्मांक परत येतात आणि सारे मुसळ केरात जाते. दीडशे उष्मांक म्हणजे एक भाकरीसुद्धा नाही.

परदेशांतील शास्त्रीय चाचण्यांचा कौलही याच दिशेचा आहे. शिकागो येथे शंभर स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका गटाने एक दिवसाआड उपवास केला, दुसऱ्याने रोजच थोडे कमी खाल्ले. दोन्ही गटांत वजनाची घट जवळजवळ सारखीच निघाली. परंतु उपवासाच्या गटातील ३८ टक्के लोकांनी मध्येच चाचणी सोडली, रोज थोडे कमी खाणाऱ्यांतील २९ टक्क्यांनी. चीनमधील ग्वांगझो येथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांनाच कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. त्यांतील एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घ्यावयाचा होता. वर्षअखेर या गटाचे वजन सरासरी ८ किलोंनी, तर वेळेचे बंधन नसलेल्या गटाचे ६.३ किलोंनी घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. २०२५ साली अशा ९९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात एक दिवसाआडचा उपवास रोजच्या मितआहारापेक्षा किंचित, म्हणजे सुमारे १.३ किलोंनी, सरस दिसला; इतर प्रकारांत तसा फरक आढळला नाही. यांतील बहुतेक चाचण्या काही महिन्यांपुरत्याच होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तेव्हा उपवासात स्वतंत्र अशी जादू नाही. एकूण खाणे कमी करण्याचे ते एक साधन आहे. ज्याला रोज मोजूनमापून खाणे जमत नाही पण ठराविक वेळेत तोंड बंद ठेवणे जमते, त्याला ते उपयोगी पडते. ज्याला उपाशी राहिल्याने संध्याकाळी ताटावर तुटून पडावेसे वाटते, त्याला ते उपयोगी पडत नाही. कोणता उपवास श्रेष्ठ, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो. वर्षभर, सणवार, लग्नसराई, सुगी आणि रात्रपाळी सांभाळून कोणता नेम टिकेल, हे आधी पाहावे लागते.

दोन जेवणांची पद्धत

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत या विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या आहारविषयक प्रश्नावर झाली असेल. तिचे निमित्त होते कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून व पुस्तकातून घरोघर पोहोचविलेली पद्धत. खरी भूक लागेल अशा दोन वेळा ओळखाव्यात, त्या वेळी प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे, मधल्या वेळेत काही खाऊ नये आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. दुसरीकडे, थोड्या थोड्या अंतराने घरचे साधे अन्न खावे असे सांगणारा आहारतज्ज्ञांचा पक्षही तितकाच प्रबळ आहे. एकाच घरात सासूबाई पहिल्या पक्षाच्या आणि सूनबाई दुसऱ्या, असेही चित्र दिसते.

दोन जेवणांची पद्धत अनेकांना मानवली यात आश्चर्य नाही, कारण ती शेतकऱ्याच्या जुन्या दिनक्रमाच्या जवळची आहे. तीत पदार्थ वर्ज्य नाहीत, खर्च वाढत नाही आणि मधल्या वेळचे फरसाण व गोड चहा आपोआप सुटतात. बहुधा तिचे खरे यश या शेवटच्या गोष्टीत असावे. मात्र पंचावन्न मिनिटांची मुभा म्हणजे हवे तितके खाण्याचा परवाना, असा अर्थ ज्यांनी घेतला त्यांचे वजन उतरले नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना न विचारता सुरू करणे तर धोक्याचे आहे.

दीर्घ निराहार उपवास हा याहून सर्वस्वी निराळा विषय. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन येथे १९४६ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाई यांनी तो वाढविला. अशा ठिकाणी उपवास हा उपचार म्हणून, देखरेखीखाली केला जातो. दीर्घ उपवास सोडताना अन्न हळूहळू वाढवावे लागते. एकदम भरपेट जेवल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून जीवावर बेतू शकते. घरच्या घरी, कुणाच्या तरी सांगण्यावरून आठवडाभर केवळ पाण्यावर राहण्याचा प्रयोग करू नये.

टिकणारा नेम

चातुर्मासाचे नेम आठवावेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने कुणी वांगे सोडतो, कुणी कांदा-लसूण सोडतो. लोणंदसारखी कांद्याची बाजारपेठ ज्या तालुक्यात आहे तेथेही असे नेम करणारी घरे आहेत. हे नेम बहुधा मोडत नाहीत. नेम लहान असतो, नेमका असतो, घरातल्या सर्वांना ठाऊक असतो आणि त्याला आरंभ व शेवट असतो. वजनासाठी उपवास करू इच्छिणाऱ्याने याच धर्तीवर आखणी केल्यास ती पेलण्याजोगी ठरते.

आरंभ रात्रीच्या जेवणापासून करणे सोयीचे. साडेनऊचे जेवण साडेसातवर आणले आणि त्यानंतर काही खाल्ले नाही, तर सकाळी साडेसात-आठपर्यंत बारा तासांचा उपवास कोणत्याही कष्टाविना घडतो. तो अंगवळणी पडला की न्याहारी तासा-दोन तासांनी पुढे सरकविता येते. रात्रपाळीच्या कामगाराने घड्याळाऐवजी आपल्या झोपेकडे पाहावे. झोपण्यापूर्वीचे जेवण हलके आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी व्हावे, एवढे पथ्य त्याला पुरेसे आहे.

ठरलेल्या वाराचा उपवास मोडण्याची गरज नाही. त्याचे ताट बदलावे. ज्यांच्या व्रताला धान्य चालते त्यांनी एकभुक्त करून दुपारी भाकरी, उसळ किंवा आमटी, पालेभाजी आणि ताक असे पोटभर जेवावे व संध्याकाळी केवळ ताक किंवा एखादे फळ घ्यावे. ज्यांना धान्य चालत नाही त्यांच्यासाठी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, भाजलेले रताळे, दही, पेरू, पपई ही साबुदाण्यापेक्षा उजवी निवड आहे. राजगिऱ्यात प्रथिने शेकडा तेरा-चौदा असतात. भगरही मोजून घ्यावी. ती हलकी म्हणून वाटीऐवजी पातेलेभर खाल्ली तर हिशेब पुन्हा तेथेच येतो. खिचडी खावयाचीच असेल तर एक लहान बशी, कूट व तूप निम्मे, आणि तिच्यासोबत वाटीभर दही. चहा बिनसाखरेचा जमत नसेल तर कपांची संख्या दोनवर आणावी.

संकष्टीचा उपवास मात्र अडचणीचा आहे. चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास होतो आणि त्यानंतर मोदक-वरणभाताचे भरगच्च ताट पुढे येते. दिवसभर फराळ आणि रात्री मेजवानी ही वजनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट जोडी होय. दिवसाचा फराळ ताक-फळांपुरता ठेवून रात्री एक मोदक आणि साधे जेवण, एवढी तडजोड देवालाही मान्य व्हावी.

उपवासाच्या दिवशीही चालणे सोडू नये. तूट पडताच शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडू लागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत सोळा तास उपाशी राहणाऱ्यांच्या बाबतीत ही शंका पुढे आली होती. स्नायू टिकवावयाचे तर हातपाय हलते हवेत आणि उपवास नसलेल्या दिवशी डाळ, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी, यांत कपात होता कामा नये. सत्तर किलो वजनाच्या माणसाने सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरविले तरी रक्तदाब व साखर यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. त्याहून घाई नको.

काटा आणि फीत

वजनाचा काटा तरी सर्व सांगतो काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस हाडापेराने किरकोळ दिसतो, पण पोटाभोवती चरबी बाळगून असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३ झाला की वजन जादा आणि २५ झाला की स्थूलता मानतात. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. उपवासाचा परिणाम तपासावयाचा तर महिन्यातून एकदा शिंप्याच्या फितीने बेंबीच्या पातळीवर घेर मोजणे हे रोज काट्यावर चढण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे आहे.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि ती अधिक चिंतेची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचेही दिसले. वजन जास्त आणि रक्त कमी, अशी बाई एकाच वेळी दोन्ही रकान्यांत असू शकते. घरातील सर्वांत जास्त उपवास तीच करते, आणि उपवास सोडताना सर्वांच्या मागून, उरलेल्यावर जेवते तीही तीच. अशा स्त्रीने आणखी एक वार वाढविण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घेतले पाहिजे.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, अठरा वर्षांखालील मुले-मुली, क्षयरोगावर उपचार घेणारे, मूत्रपिंडाचे विकार वा जठरव्रण असलेले आणि अशक्त वृद्ध यांनी वजनासाठी उपवास करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका सर्वांत तातडीचा. गोळी घेतली आणि जेवण टाळले, की साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते, प्रसंगी शुद्ध हरपते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तत्काळ साखरपाणी द्यावे. उपवास मोडल्याचा विचार करीत बसू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. एकादशीच्या दिवशी गोळी आपल्या मनाने बंद करणे हेही तितकेच चुकीचे. उपवासाच्या दिवशीची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेता येते.

ही विचारणा करण्यासाठी दूर जावे लागत नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी उपकेंद्रांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य केली जाते. त्यासाठी आशा कार्यकर्ती घरी येऊन एक नमुना भरते. त्यात वय, तंबाखू-दारूचे व्यसन, व्यायाम, आईवडिलांचे आजार आणि कमरेचा घेर यांची नोंद असते. आठवड्यातून किती उपवास घडतात, असा प्रश्न त्या नमुन्यात नाही. ते आपणहून सांगावयाचे आहे.